कोंबड्यांची खोप

माझा कोंबडा आरवला म्हणून माझी चूल पेटायच्या आधीच विझली, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? पण मी अजून जिवंत आहे, आणि डोळ्यांनी बघितलेलं विसरायला मला काही म्हातारचळ लागलेला नाही. कोंबड्याचा काडीचा दोष नव्हता. उजेड दिसला की आरवायचं, एवढंच त्या बिचाऱ्याला येतं. त्याच्यापर्यंत उजेड कुणी नेला ते मला ठाऊक आहे, आणि तेच सांगते.

गाव आमचं सुप्याहून दिग्गीकडं जाणाऱ्या वाटेवर, रानात. मोजकी घरं, घरांपुढं भाताच्या खाचरांच्या पायऱ्या, आणि त्यापलीकडं सगळं सागवान आणि बांबू. जर्मनच्या लढाईचं तेव्हा कुणी नावही ऐकलं नव्हतं. नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी मला एका गाठोड्यासकट माहेरी आणून सोडलं. आईबाप केव्हाचे गेलेले. घरात धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकटा म्हणजे किती, तर आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला कडेवर घेऊन मी शेण काढलंय, पाणी भरलंय. हातानं जेवायला मी शिकवलं, पोहायला मी शिकवलं, सकाळी उठल्यावर कांबळ्याची घडी कशी घालायची तेसुद्धा मीच. कडा आधी आत घ्यायच्या, म्हणजे कुसळं आत शिरत नाहीत, मग लांबीत दुमडायचं, आणि दशा पोटात लपवायच्या. नीट घडी घातल्याशिवाय मी त्याला पेज वाढत नसे. मोठा झाला, लग्न झालं, तरी ती घडी त्याच्या हातातून सुटली नाही. सगळं गाव कांबळं चुरगाळून खांद्यावर टाकायचं, हा एकटा घडी घालून.

तो मला आक्का म्हणायचा. भावजय फारशी बोलत नसे. खरं सांगायचं तर मला भीती तिचीच होती. चूल तिची, वाढायची डवली तिची, आणि मी आपली ताट घेऊन पुढं बसणारी. तिनं कधी वाकडा शब्द काढला नाही, पण न काढलेला शब्दही कानात वाजतो. माझं काही वाईट व्हायचं असेल तर ते हिच्याच हातून होणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

त्यातून पाटाची गोष्ट निघाली. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यात लाज नाही. दिग्गीच्या पलीकडचा एक बिजवर होता. त्याचे मुलगे माझ्या वयाचे, सुना न नांदता माहेरी पळालेल्या. त्याला बायको नको होती, भाकऱ्या भाजायला आणि पाय चेपायला माणूस हवं होतं. मी साफ नाही म्हटलं. एकदा दुसऱ्याच्या दारात जाऊन झालं होतं माझं. मला माझी चूल हवी होती, बस. तीन दगडांची का असेना, पण तिच्यावर काय शिजवायचं ते मला कुणाला विचारावं लागू नये.

भावानं एका संध्याकाळी, मी गोठ्यात असताना, मला शब्द दिला. म्हणाला, "आक्का, घरामागच्या परड्यातली खोप तुझी. त्यात कोंबड्या पाळ. सवताच्या हातानं खायला लागलीस की पाटाचं नाव कोण काढत न्हाई. आईची आण."

आईची आण घातली त्यानं. त्याला आई आठवत तरी होती का? त्याची आई म्हणजे मीच होते. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आता आमच्यात कोंबडी बाईची. बैल, नांगर, कोयता पुरुषाचा, पण कोंबडी कुणाला द्यायची, कुठली खुडूक बसवायची, कुठली कापायची, हे घरची बाई ठरवणार. पुरुषानं त्यात हात घातला तर त्याला लोक बायल्या म्हणून हसतात. म्हणजे भावानं मला जे दिलं ते पुरं दिलं, असंच मी समजले. दिवाळीनंतर मामीकडून अर्धेलीनं पिलं आणली, म्हणजे वाढवायची मी, आणि पुढं होतील ती दोघींत वाटून. माझ्या लग्नात आईच्या कोंबडीच्या वंशातली एक तांबडी मिळाली होती, ती गाठोड्याबरोबर सासरहून परत आणली होती. तेवढ्यावर सुरुवात.

खोप बापानं बांधलेली. परड्याच्या टोकाला, बांबूच्या बेटाला लागून. कुदळी, फुटक्या टोपल्या, बियाणाचे भोपळे, केळीला पाणी घालायची मडकी, असलं सगळं तिच्यात कोंबलेलं. कारवीचे कुड शेणमातीनं गच्च लिंपलेले, वर गवताचं छप्पर, वाकून जायचं एकच दार. मी सगळं बाहेर काढलं आणि कोंबड्या आत घातल्या. पाऊस लागला आणि खोपीचा नरक झाला. दारात तोंड घातलं की नाक झोंबायचं, डोळ्यांतून पाणी. ओल वर चढायची आणि बाहेर जायला तिला वाट नाही. कोंबड्या मान टाकून बसू लागल्या, पांढरं हगू लागल्या, आणि सकाळी दार उघडलं की एखादी पाय वर करून पडलेली असायची. सगळे म्हणाले मानमोडी आली. देवाला नारळ दे म्हणाले. नारळही दिला. देवानं नारळ घेतला आणि कोंबड्याही घेतल्या.

पण त्यात दोन कोंबड्या महाआडमुठ्या होत्या. काही केल्या खोपीत जायच्या नाहीत. गोठ्याच्या वळचणीला, आढ्याच्या टोकावर, उघड्यावर बसायच्या, पावसाचे तुषार अंगावर घेत. त्या दोघींचे तुरे लाललाल. मी रोज त्यांना शिव्या घालायचे, आणि एक दिवस शिवी अर्धी तोंडात असतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला. मरत होत्या त्या आतल्या. यांना औषध नको होतं, वारा हवा होता.

पाऊस ओसरला तशी मी कोयती घेतली आणि खोपीच्या दोन समोरासमोरच्या कुडांची, छपराखालची, हातभर रुंद पट्टी सोलून काढली. एका बाजूनं वारा यावा, दुसरीनं जावा, आणि जाताना आतली कोंदट वाफ घेऊन जावा. पट्टी उघडी ठेवली तर रानमांजर आणि मुंगूस जेवायला येणार, म्हणून तिथं बांबूच्या कामट्यांची जाळी बसवली. बोट जाईल, मुंगसाचं तोंड जाणार नाही अशी. बसायच्या काठ्या आधी उंच होत्या, त्या खाली घेतल्या, कारण वारा कोंबडीच्या डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावर आला तर तीही आजारीच पडणार. झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून वळचण पुढं ओढली. जमीन मातीनं उचलून चोपली, वर राख आणि भाताचं तूस पसरलं. ते भिजलं की काढून केळीच्या आळ्यात टाकायचं आणि नवं घालायचं.

कामट्या सगळ्या भावानं तासून दिल्या. हात चांगला होता त्याचा. आम्ही दोघं परड्यात बसून जाळी विणत होतो, तो मला चिडवत होता की आक्का, तू कोंबड्यांना माझ्यापेक्षा बरं घर बांधतीस. गावानं तर धमालच केली. कोंबड्यांना वारा घालायला आता एक गडी ठेव म्हणाले. सदरेवर साहेब बसतो तशी तुझी तांबडी बसणार म्हणाले. मी म्हटलं, बसू दे की. तुमच्या घरात तर तुम्हीच गुदमरून बसलाय.

एकटी शेजारची म्हातारी हसली नाही. तिनं जाळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "सायबाचा तळ पडला म्हंजे काय करशील गं? उजेडात कोंबडा गप ऱ्हाईल व्हय?"

हे खरं होतं. थंडीत, भात मळून झालं की, रान बघायला साहेबाचा दौरा यायचा. काळी नदीच्या काठच्या माळावर तंबू पडायचे आणि शिपाई गावोगाव कोंबड्या गोळा करत फिरायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. पण कोंबड्याच नाहीत, असं म्हणायची सोय होती. म्हणून तळ पडला की गावभर कोंबड्या लपायच्या. माळ्यावर, कणगीमागं, डालीखाली, वर कांबळं टाकून. मिट्ट काळोख केला की कोंबडीला रात्र वाटते आणि ती गप्प बसते. म्हातारी निघून गेल्यावर मला कळलं की आमच्या गावातलं एकूण एक खुराडं बिनवाऱ्याचं का असतं. थंडीतल्या चार दिवसांची लपवाछपवी साधावी म्हणून आम्ही बायका वर्षभर निम्म्या कोंबड्या काळोखात मारत होतो, आणि नारळ देवाला देत होतो.

मी त्यावरही तोड काढली. दोन जुनी कांबळी घेतली, त्यांना दोऱ्या लावल्या. तळ पडला की ती दोन्ही जाळ्यांवर बाहेरून ताणून बांधायची, उठला की सोडायची.

त्या थंडीत दौरा दुसऱ्या अंगाला गेला, कांबळी लागलीच नाहीत. पुढचा पावसाळा आला आणि गेला, माझी एक कोंबडी दगावली नाही. हसणाऱ्या बायका अंडी मागायला येऊ लागल्या, खुडूक कोंबडी अर्धेलीनं देतेस का विचारू लागल्या. मामीचा वाटा फिटला. मी नदीवरून चुलीचे तीन दगड निवडून आणले, गोल, एकाच उंचीचे, आणि खोपीच्या कोपऱ्यात ठेवले. शिमगा झाला की गोठ्याला पडवी काढून तिथं ते मांडायचे ठरले होते. भावाला मी सांगितलंही होतं. तो बरं म्हणाला होता.

त्याच सुमारास गार्डाची एक जागा निघाली. रानाची राखण करायची, कमरेला पट्टा, लोकांनी रामराम करायचा. भाऊ सुप्याला साहेबाच्या शिपायांकडं फेऱ्या घालू लागला. घरी काही बोलत नसे. मला वाटलं, मिळाली तर बरं, लेकराचं भलं होईल. मी त्याच्यासाठीही एक नारळ बोलले होते, ही माझी अक्कल.

माघात तळ पडला. शिपाई आमच्या अंगाला उद्या येणार असं कळलं, तशी दिवस मावळताना मी आणि भावजयीनं कांबळी बांधली. ती एका बाजूनं ओढत होती, मी गाठी मारत होते. गाय बांधताना मारतात तशा दुहेरी गाठी, आपोआप सुटायच्या नाहीत अशा. एक कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसलेली होती, तिला भावजय म्हणाली मी घरात नेते, आणि तिनं ती कणगीमागं नेऊन ठेवली.

सकाळी ऊन वर आलं तरी खोप चिडीचूप. भाऊ बैल सोडायला म्हणून परड्यात गेला, परत आला, आणि अंगणात उभा राहिला. दोन शिपाई कोंबड्या कोंडायचा बांबूचा झाप घेऊन आले. भाऊ त्यांना हात जोडून सांगू लागला, की आमच्यात कोंबड्या न्हाईत वो, रोगानं समद्या मेल्या. त्यांनी ओटी बघितली, गोठा बघितला. मी मागच्या दारात उभी होते. माझ्यासाठी तो सरकारच्या माणसाशी खोटं बोलत होता. मला वाटलं, मी वाढवलेलं पोर फुकट गेलं नाही.

आणि परड्यातून माझा कोंबडा आरवला.

एकदा आरवून थांबला नाही. लागोपाठ आरवत सुटला, आणि त्याच्या मागं कोंबड्या बोलू लागल्या. शिपाई हसले. त्यातला एक भावाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, मेलेल्या बऱ्या बोलतात तुमच्यात. मग ते परड्यात गेले. भाऊ त्यांच्यामागं गयावया करत होता की बहिणीच्या हायत, विधवा हाय, आणि मी त्याच्याकडं बघतही नव्हते, कारण मी खोपीकडं बघत होते.

उगवतीच्या जाळीवरचं कांबळं तिथं नव्हतं. ऊन सरळ आत गेलं होतं, काठ्यांवर जाळीच्या चौकटी पडल्या होत्या. माझ्या कोंबड्या त्या उजेडात बसल्या होत्या, आणि शिपाई त्यांना पायांनी धरून झापात उलट्या घालत होते. तांबडीही गेली. गाठ सुटून कांबळं खाली पडलं असतं तर बेटाच्या पाचोळ्यात लोळत असतं. वाऱ्यानं ओढलं असतं तर कामटीला फाटून लटकलं असतं. ते लाकडांच्या ढिगावर ठेवलेलं होतं. कडा आत, लांबीत दुमडलेलं, दशा पोटात.

मी त्या घडीकडं बघत राहिले. चोरी करतानासुद्धा हाताला लागलेली सवय सुटली नव्हती त्याच्या. मी लावलेली सवय.

शिपाई गेल्यावर गाव गोळा झालं. म्हणाले, तरी आम्ही म्हणत होतो, खिडक्या पाडू नको. कोंबड्यानं घात केला म्हणाले. भाऊ मान खाली घालून बसला होता, लोक त्याचीच समजूत घालत होते. मी कुणालाही काही सांगितलं नाही. दुपारी तो जेवायला बसला तेव्हा ते कांबळं, होतं तसंच, त्याच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं.

त्यानं बघितलं. दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "आक्का, जागा एकच हाय. मागणारे लई. रिकाम्या हातानं कसं जायाचं?"

"मला मागायच्या व्हत्यास."

"तू दिल्या असत्यास?"

मी त्याच्यापुढचं कांबळं उचलून घेतलं. दिल्या असत्या, अरे. निम्म्या दिल्या असत्या, रडत रडत सगळ्या दिल्या असत्या, आणि तांबडी वर ठेवून दिली असती. ते त्याला ठाऊक नव्हतं, हेच मला आत डसलं, अजून डसतं. कोंबड्या गेल्या त्याचं दुःख त्या वर्षी संपलं. माझ्या हातचं खाऊन वाढलेल्याला मी काय देईन आणि काय देणार नाही एवढंही कळलं नाही, ते मात्र संपलं नाही. वर शिपायांपुढं जोडलेले ते हात. ते सोंग कुणासाठी होतं? शिपायांशी तर त्याचं आधीच ठरलेलं होतं. ते माझ्यासाठी होतं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. हात धुताना, माझ्याकडं पाठ करून, त्यानं सांगितलं की आता चुलीचं ऱ्हाऊ दे. मी रानात फिरणार, घरात कोण बघणार? दिग्गीकडच्या त्या माणसाला मी व्हय म्हणून निरोप धाडलाय. चार दिवसांत त्याची माणसं लुगडं घेऊन येतील.

भावजय चुलीपाशी होती. ती उठून बाहेर गेली.

मी पण उठले, आणि परड्यात गेले. खोपीत अजून पिसं उडत होती. मी तूस आणि राख खरडून काढली, जमीन चोपली, शेणानं सारवली, काठ्या उपटून जळणात टाकल्या. कोपऱ्यातले तीन दगड घेतले आणि मधोमध मांडले. त्याच काठ्यांनी चूल पेटवली. धूर वर गेला, जाळीपाशी जरा घुटमळला आणि बाहेर पडला. डोळ्यांत जराही गेला नाही. आमच्या गावात बिनधुराचं स्वयंपाकघर तेव्हा ते एकच.

संध्याकाळी भावजय आली. पदराखाली ती अंड्यांवरची कोंबडी आणि टोपलीत तिची अंडी. टोपली खाली ठेवली, आणि जाता जाता दाराशी थांबून डोळे पुसले. ज्या बाईकडं मी इतकी वर्षं वाकड्या डोळ्यानं बघत होते, ती ही.

बिजवराची माणसं आली तेव्हा मी खोपीत पेज शिजवत होते. भाऊ दारात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, घरात चल, लोक काय म्हणतील, बहीण कोंबड्यांच्या खोपीत ऱ्हाते म्हणून.

मी मोठ्यानं म्हटलं, पाहुण्यांना ऐकू जाईल असं, "खोप माझी हाय. आईची आण घालून तूच दिलीस. मी माझ्या घरात हाय."

पाहुण्यांनी आत वाकून बघितलं. जमिनीला कोंबड्यांचा वास अजून येत होता. खोपीत संसार मांडणारी बाई आपल्याला नको, म्हणून ते लुगडं घेऊन परत गेले, आणि पुन्हा कुणी पाटाचं नाव काढलं नाही. मी लोकांच्या खाचरात लावणीला गेले, कापणीला गेले. त्या एका कोंबडीची पिलं वाढली, त्यांना शेजारी दुसरी खोप घातली, तशीच जाळीची. कांबळी मात्र पुन्हा कधी लावली नाहीत. तळ पडायचा, शिपाई यायचे, पण गार्डाच्या बहिणीच्या दाराशी थांबत नसत. एवढा उपकार माझ्या भावाचा माझ्यावर आहे, तो मी नाकारत नाही.

त्याला जागा मिळाली. पट्टा मिळाला. लोक रामराम घालू लागले. पहिल्या उन्हाळ्यात, एका दुपारी, रानातून परतताना तो घरी न जाता सरळ माझ्या खोपीत आला आणि भिंतीला टेकून बसला. पट्टा सैल केला. म्हणाला, "आक्का, हितं वारं बरं लागतं." कामट्या त्यानंच तासल्या होत्या, त्यांच्याकडं बघत होता. लहानपणी बसायचा तसा पाय पसरून बसला होता, आणि मला क्षणभर वाटलं की उठावं, त्याला पेज वाढावी, वर लोणच्याची फोड.

मी उठले. तांब्या घासला, पाणी भरलं, वाटीत गुळाचा खडा ठेवला, आणि दोन्ही त्याच्यापुढं नेऊन ठेवलं. आमच्यात गूळपाणी पाहुण्याला देतात. घरच्या माणसाला कुणी देत नाही, घरचा माणूस आपण होऊन रांजणातून घेतो.

तो त्या गुळाकडं बघत राहिला. हात पुढं आला होता, तो तसाच मागं गेला. मग त्यानं पाय जवळ घेतले, पट्टा आवळला, आणि पाहुण्यासारखा 'येऊ का' विचारून उठला.